रहाट थांबल्यावर

या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉस्टिंगचा तास चालू होता. फळ्यावर प्रत्यक्ष खर्च आणि अप्रत्यक्ष खर्च अशी दोन घरे आखलेली होती आणि मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढत होतो. चित्र एकच, पण दर पानावर किंचित निराळे. पाने अंगठ्याखालून भरभर सोडली की चित्र हलू लागते. हा खेळ शाळेत असताना प्रत्येकाने केला असेल. माझ्या वहीत एक म्हातारी बाई रहाटावर कांड्या भरत होती.

सर बाकाशी कधी येऊन उभे राहिले ते कळलेच नाही. "दाखव बघू," ते म्हणाले. वर्ग हसायच्या तयारीत होता. मी वही पुढे केली. सरांनी पाने एकदा सोडली, पुन्हा एकदा सोडली आणि वही परत देत म्हणाले, "रहाट चांगला फिरतोय. पण बाई कुठं आहे?"

वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना मात्र ते वाक्य पायात घोटाळत राहिले. कारण ती बाई म्हणजे माझी आज्जी होती, आणि तिला जाऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

आमचे घर वडगावात. घरात दोन यंत्रमाग. ज्यांच्या घरी माग नाही त्यांच्यासाठी सांगतो : कापड विणताना आडवे सूत ज्या नळीवर गुंडाळलेले असते ती कांडी. ती धोट्यात बसते आणि धोटा इकडून तिकडे धावतो. आज्जीच्या तरुणपणी हातमाग होते. पुढे यंत्रमाग आले, कांड्या भरायलाही मोटर आली. पण आज्जीने रहाट सोडला नाही. उरलेसुरले सूत ती त्यावरच भरायची. उजव्या हाताने रहाट फिरवायचा आणि डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून सूत सोडायचे. सुतात गाठ असली, पीळ सुटलेला असला, तर डोळ्यांच्या आधी चिमटीला कळते.

हे सारे मी चित्रात काढले होते. लुगडे, चष्मा, रहाटाचे आरे, काही सुटले नव्हते. तरी बाई नव्हती. मग होते काय? एक यंत्र होते, आणि त्याला आज्जीचे कपडे घातले होते.

हलत्या चित्रांचा नाद मला लहानपणापासूनचा. त्या रात्री मोबाइलवर शोधता शोधता एक उत्तर सापडले. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य काढलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी 1981 साली 'द इल्यूजन ऑफ लाइफ' नावाचे जाड पुस्तक लिहिले. चित्र जिवंत वाटावे म्हणून त्या स्टुडिओत जे नियम हळूहळू तयार झाले, त्यांपैकी 12 त्यांनी त्यात मांडले आहेत. माझे इंग्रजी मराठी माध्यमातले. शब्दकोश शेजारी घेऊन मी त्या नियमांची माहिती वाचली. त्यांतला एक नियम 'सेकंडरी ॲक्शन'चा. मी त्याला दुय्यम हालचाल म्हणतो.

त्याचा अर्थ असा. पात्र जे काम करत असते ती मुख्य हालचाल. ते करता करता त्याच्याकडून आणखी एक बारीकशी हालचाल होते, ती दुय्यम. पहिलीवरून माणूस काय करतो आहे ते कळते. दुसरीवरून त्याच्या मनात काय चालले आहे ते कळते. आपल्या बसस्थानकावर चंदगडच्या गाडीची वाट पाहणारे वीस जण उभे असतात. मुख्य हालचाल सगळ्यांची एकच, रस्त्याकडे पाहणे. पण त्यांतला एक जण दर मिनिटाला शर्टाच्या वरच्या खिशावरून हात फिरवतो. त्या खिशात पैसे आहेत आणि ते त्याच्या दृष्टीने थोडे नाहीत, हे सांगायला शब्द लागत नाहीत. एकोणीस माणसे गर्दी होतात आणि तो एक माणूस होतो.

इथे एक घोटाळा मी स्वतःच केला, म्हणून सांगून ठेवतो. चालता चालता बाई थांबली तरी तिचा पदर क्षणभर पुढे जातो; कुत्रा थांबला तरी त्याचे कान हलत राहतात. तीही चित्रात लागणारी हालचाल आहे, पण ती वेगळी. पदर शरीराच्या ओढीने हलतो. दुय्यम हालचाल मनाच्या ओढीने होते. पदर कुणाचाही हलेल. खिशावरचा हात त्या एकाचाच.

1937 च्या 'स्नो व्हाइट'मधला डोपी हा बुटका चालता चालता मधेच एक लहानशी उडी घेऊन पाऊल जुळवून घेतो. ही लकब फ्रँक थॉमस यांनी आपल्या एका दृश्यात घातली. डिस्नेला ती इतकी आवडली की इतर चित्रकारांनाही आपापल्या दृश्यांत ती घालावी लागली. डोपी चित्रपटभर एक अक्षर बोलत नाही. तरी त्या एका पावलावरून तो सातांत ओळखू येतो.

नियम कळला तसा मी दुसऱ्या दिवशीच नवी वही घेऊन बसलो. आज्जीला पदर सारायला लावले, चष्मा वर करायला लावला, मान हलवायला लावली, मधेच उसासाही टाकायला लावला. पाने सोडून पाहिली तर गणपतीच्या मांडवातल्या नाटकातली म्हातारी दिसू लागली. नियमाचा दुसरा अर्धा भाग मी वाचूनही सोडून दिला होता : दुय्यम हालचालीने मुख्य हालचालीवर कुरघोडी करता कामा नये. ती अशा जागी असावी की पाहणाऱ्याला दिसावी, पण दाखवली असे वाटू नये. मोठ्या हालचालीच्या गर्दीत ती घातली तर वाया जाते. मोठी हालचाल सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर तिला जागा मिळते.

आमच्या विषयातही असेच काहीसे आहे. खातेवहीत नुसत्या बेरजा जातात. माल कुणाकडून आला, कोणत्या तारखेला, किती परत गेला, हे सहायक पुस्तकांत असते. सहायक म्हणून ती कमी दर्जाची नसतात. त्यांच्यावाचून खातेवही म्हणजे नुसते आकडे. 'दुय्यम' या शब्दाला आपण उगीच हिणकस वास लावून ठेवला आहे.

पण म्हणून सहायक पुस्तके फुकट लिहिली जात नाहीत, आणि चित्रांचेही तसेच. पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला 12 चित्रे. सात मिनिटांच्या एका कार्टूनमध्ये एकच पात्र सतत हलत ठेवायचे तर 5,040 चित्रे झाली. त्यात प्रत्येक बारीक हालचाल म्हणजे आणखी मेहनत, आणखी मजुरी. अमेरिकेत दूरदर्शनसाठी स्वस्तात कार्टून काढायची वेळ आली तेव्हा विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या स्टुडिओने एक युक्ती वापरली. 1958 साली आलेले त्यांचे योगी हे अस्वल आठवून पाहा. अंगात सदरा नाही, पण गळ्याला कॉलर आणि टाय आहे. बोलताना डोके तेवढे नव्याने काढायचे, धड तेच ठेवायचे. जोड कॉलरखाली झाकला जातो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून या युक्तीला मी हात जोडतो. पण काटकसर करायची तर सर्वांत आधी काय कापले जाते, तेही तिथेच कळते. आता संगणक मधली चित्रे आपोआप भरून देतो. तरी कोणते बोट हलवायचे आणि केव्हा, हे कुणीतरी ठरवावेच लागते.

आणि तेच मला ठरवता येत नव्हते. आज्जीची अशी एक हालचाल कोणती? मी तिच्या मांडीवर वाढलो, पण काही केल्या ती आठवेना. तिचा आवाज आठवे, तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवे. हात मात्र आठवत नव्हता. चार महिन्यांत माणूस इतका पुसला जातो, याची मला भीतीच वाटली.

ती सापडली एका रात्री, आणि सापडली बाबांजवळ. वीज गेली होती, माग बंद होते. बाबा मेणबत्तीच्या उजेडात विजेचे बिल पाहत बसले होते. चेहरा नेहमीसारखाच, त्यावर काही लिहिलेले नाही. पण त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता. चिमटीत सूत नव्हते. तरी अंगठा गाठ शोधत होता.

ही आज्जीची सवय! जन्मभर सूत चिमटीतून गेल्यावर तो अंगठा रिकामा बसतच नसे. काळजी असली की ती बोलायची नाही, अंगठा फिरायचा. शेवटी दवाखान्यात वाचा गेल्यावरही तो चादरीवर फिरत होता. मी ते पाहिले होते, पण पाहिले आहे हे मला ठाऊक नव्हते.

आणि त्याबरोबर आणखी एक संध्याकाळ आठवली. दोन वर्षांपूर्वी, बारावीच्या निकालानंतर, मी पुण्याच्या एका ॲनिमेशन अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक बाबांपुढे ठेवले होते. त्याची एका वर्षाची फी आमच्या दोन मागांच्या वर्षभराच्या मजुरीहून जास्त होती. बाबांनी फीचे पान वाचले, पत्रक मिटले आणि म्हणाले, "बी. कॉम. कर बघ. हिशेब येणारा माणूस उपाशी मरत नाही." मग उठून मागावर गेले. सगळे मिळून अर्धे मिनिट झाले असेल. ते अर्धे मिनिट मी दोन वर्षे मनात धरून बसलो होतो. यांना काहीच वाटले नाही, असे मी आईला बोलूनही दाखवले होते.

आता ते अर्धे मिनिट मी चित्रासारखे एकेक पान करून पाहिले. पत्रक मिटले, ही मुख्य हालचाल. तेवढीच मी पाहिली होती. मिटल्यावर, बोलण्याच्या आधी, ते थोडे थांबले होते. त्या थांबण्यात त्यांचा अंगठा पत्रकाच्या कडेवरून फिरत होता. एकदा नव्हे, तीन-चार वेळा.

आमच्या घरी बोलण्यातही काटकसर आहे. जे कापले गेले होते ते अंगठ्यात उरले होते.

मग मी तिसरी वही केली. 48 पाने, म्हणजे चार सेकंद. रहाटाचा एक फेरा 12 पानांचा. अंगठ्याला मी त्या फेऱ्याशी बांधले नाही. तो कधी पाच पाने फिरतो, कधी थांबतो. दोन्हींचा ताल एक झाला की अंगठाही रहाटाचा भाग होतो, हे चुकतमाकत कळले. सहाविसाव्या पानावर आज्जीला दाराची कडी ऐकू येते. रहाट थांबतो, मान वळत नाही. त्यापुढे अंगठा तेवढा फिरत राहतो. पोरगा घरी आला की नाही, एवढेच त्यात आहे.

वही प्रथम दाखवली ती वर्गातल्या एका मित्राला. त्याची मातृभाषा कन्नड, घर आमच्याच भागात आणि त्याच्याही घरी माग. तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो आहे. त्याने पाने सोडली आणि एकदम म्हणाला, "नम्म अज्जीनू हिंग माडतिद्ळु!" आमचीही अज्जी असेच करायची. आजीला आम्ही आज्जी म्हणतो, ते अज्जी म्हणतात. अंगठ्याच्या बाबतीत तेवढाही फरक निघाला नाही.

सरांनाही दाखवली. त्यांनी पाने दोनदा सोडली आणि काही न बोलता वही परत दिली. त्यांच्या तोंडून काही शब्द निघावा असे मला वाटत होते, हे कबूल करतो.

बाबांना दाखवायला मात्र धीर होत नव्हता. एका रविवारी माग बंद असताना वही त्यांच्या हातात दिली आणि पाने कशी सोडायची ते सांगितले. त्यांनी सोडली. पुन्हा सोडली. रहाट थांबतो त्या पानाशी येऊन त्यांनी वही उघडीच धरली. "एवढा वेळ अभ्यासाला दिला असतास तर," असे काहीसे म्हणाले. मी वही घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ती सोडली नाही.

"डावा हात एवढा खाली नव्हता तिचा," ते म्हणाले. "कोपर गुडघ्यावर असायचं. सूत वरनं यायचं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. हाताकडे पाहिले.

चौथी वही आता घेतली आहे. कोपर गुडघ्यावर घ्यायचे म्हणजे सगळी 48 चित्रे पुन्हा काढावी लागणार. काल रात्री मी पहिले पान घेऊन बसलो, तेव्हा बाबा रहाट माळ्यावरून खाली काढून, पुसून समोर ठेवून गेले.

— बी. कॉम. (तृतीय वर्ष)