टेक्स्ट फाईलमधले रकाने आणि एक रिकामी जागा



गेले काही महिने मी मोबाईलवर व्हिडिओ बघून पायथन शिकतेय. सरावासाठी व्हिडिओतली उदाहरणं न घेता माझ्या दुसरीच्या वर्गाचीच माहिती घेतली. नोटपॅडमध्ये प्रत्येक मुलाची एक ओळ : हजेरी क्रमांक, नाव, उंची, मग जुलै, जानेवारी आणि एप्रिलचं वजन.

यात पहिली गोष्ट कळते ती ही, की आपल्याला दिसणारे रकाने कॉम्प्युटरला दिसत नाहीत. हजेरीपटावर आपण पट्टीने उभ्या रेघा मारतो. फाईलमध्ये रेघ कुठली? नुसती अक्षरं एकामागून एक. कुठे तोडायचं ते 'स्प्लिट' या आज्ञेने सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर ओळ मोकळ्या जागेवर तुटते. मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन तुकडे पडतात, एखाद्याचे दोनच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचंही नाव आलंय, म्हणजे ती शाळेत येतील तेव्हा चार! अशाने उंचीचा रकाना प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी जातो. म्हणून मी मध्ये स्वल्पविराम घातले आणि स्वल्पविरामावर तोडायला सांगितलं.

दुसरं म्हणजे फाईलमधून आलेलं सगळं आधी मजकूरच असतं. १८ आणि २ यांची बेरीज मागितली तर १८२ मिळतात, आपल्या पहिलीतल्या मुलांसारखंच! उंचीप्रमाणे क्रम लावला तर ९८ सेंटीमीटरचं मूल ११२ च्या पुढे जातं, कारण ९ हा १ पेक्षा मोठा. वर्गातलं सगळ्यात बुटकं मूल यादीत सगळ्यात उंच! 'फ्लोट' लावून संख्या केली की हे थांबतं. (गंमत म्हणजे देवनागरी अंकही त्याला चालतात.)

पण मी जास्त वेळ घालवला तो रिकाम्या जागेवर. माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि एप्रिलमध्ये परत आली. जुलैत वजन साडेएकोणीस किलो, जानेवारी रिकामं, एप्रिलमध्ये एकोणीस. मोकळ्या जागेवर ओळ तोडली तर रिकामा रकाना उरतच नाही, एप्रिलचे एकोणीस जानेवारीत सरकतात. मग कागद म्हणतो, जानेवारीत पोरगी शाळेत होती आणि एप्रिलमध्ये गैरहजर. स्वल्पविराम असले की दोन स्वल्पविरामांमध्ये काही नसलं तरी तो रकाना जागेवर राहतो.

त्या रिकाम्याची संख्या करायला गेलं की प्रोग्राम थांबतो. काही जण सांगतात, तिथे शून्य टाका. मला ते पटत नाही. शून्य किलोचं मूल असतं का? शिवाय वर्गाची सरासरी उगाच खाली येते ती वेगळीच. त्यापेक्षा मी एक अट घातली : रकाना रिकामा असेल तर बेरजेत धरू नको, नाव वेगळं छाप.

चार नावं छापली गेली. एक मूल त्या दिवशी तापाने घरी होतं, बाकी तिघं ऊसतोडीच्या घरातली. तिघांपैकी एकाचंही वजन जुलैपेक्षा वाढलेलं नाही. यादी मुख्याध्यापकांना दिली आहे. नव्या वर्षात आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा आधी ही तीन मुलं दाखवायची आहेत, आणि ती पुन्हा कारखान्याकडे निघण्याआधी, ऑक्टोबरमध्ये, एकदा वजन घ्यायचंय. त्यासाठी फाईलमध्ये आणखी एक रकाना वाढवलाय.