आधी विरजण, मग मासे
खाऱ्या पाण्याची काचपेटी घरी आली, की सगळ्यांना मासे त्याच दिवशी हवे असतात. आमचे 'हे'सुद्धा म्हणाले, "एवढे पैसे घालून नुसतं पाणीच बघायचं का?" पण मी हटले नाही. लिटरला ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवलं, सच्छिद्र दगड रचले, रोज चिमूटभर खाद्य टाकलं. त्यातून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावून थांबतो ना, तसंच! पाणी आटलं, की आमटीसारखं खारट होतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हाच विदूषक माशांची जोडी आणली. मुलीला प्रवाळही हवं होतं. पण मैत्रिणींनो, खडक घडवणाऱ्या प्रवाळांना आपल्याकडे २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. ते समुद्रातच शोभतं.