अस्वलाचे पुढे काय झाले?

आतेभावाची हवाईदलात वैमानिक म्हणून निवड झाली, त्या दिवसापासून आत्तीचे जेवणावरून मन उडाले. तिला धीर देण्याची कामगिरी माझ्यावर आली. मी वाणिज्य शाखेचा; जमाखर्चापलीकडे अक्कल बेताचीच. म्हणून वाचनालयात बसून तयारी केली आणि तिला अमेरिकेच्या 'बी-५८ हसलर' या बाँबफेकी विमानाची हकिकत सांगितली.

हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई. अशा वेगात उघड्या खुर्चीतून बाहेर पडणाऱ्याचे हातपाय वाऱ्यानेच मोडायचे. म्हणून तिघांच्याही खुर्च्यांच्या पेट्या केल्या. वेळ आली की पेटी शिंपल्यासारखी मिटे. वैमानिकाचा तर दांडाही आतच राही, म्हणजे मिटल्यावरही विमान सांभाळता यावे! मग रॉकेटने पेटी बाहेर, वर पॅराशूट. पाण्यात पडली तर तरंगे.

"डबाच की रे तो! आत माणूस जगतोय होय?"

मग मी योगीची गोष्ट काढली. योगी म्हणजे दोन वर्षांची अस्वलाची मादी. २१ मार्च १९६२ रोजी गुंगीचे औषध देऊन तिला ३५,००० फुटांवर, ध्वनीहून अधिक वेगात, अशाच पेटीतून बाहेर फेकले. आठ मिनिटांच्या आत ती जिवंत खाली आली.

आत्ती प्रथमच हसली. शेजारच्या अक्कांना हाक मारून तिने मला सारे पुन्हा कन्नडात सांगायला लावले. 'करडी' वाचली म्हणून अक्कांनीही हात जोडले.

"मग त्या अस्वलाचं पुढं काय झालं रे?"

आत कुठे इजा झाली ते पाहण्यासाठी तिला मारून चिरले होते. ते मी वाचले होते.

"सोडलं असेल रानात," मी म्हणालो.

आत्तीने दोघांची पाने वाढली.