पारादीप ते सिस्सू, जवाहरनगरमार्गे

आमच्या ठाणा पेट्रोलपंपावरून जाणाऱ्या महामार्गाची दोन्ही टोकं समुद्राला लागतात. पश्चिमेला सुरतजवळचं हजीरा, पूर्वेला ओडिशातलं पारादीप. कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, पण भंडाऱ्याजवळच्या आमच्या जवाहरनगरात जुनी माणसं अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. इथल्या आयुध निर्माणीत मी डेंजर बिल्डिंग वर्कर, म्हणजे स्फोटकांच्या इमारतीतला कामगार होतो. तोफांसाठी लागणारा प्रोपेलंट आमच्याकडे बनतो. माल गेटबाहेर गेला की त्याचा पुढचा प्रवास आम्हाला कधी दिसत नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं होतं. ओव्हरटाइम करून घरी यायचं आणि टीव्हीवर बर्फाचे डोंगर, तोफांचे धूर पाहायचे. भंडाऱ्याच्या ४५ अंशांत घाम गाळून केलेलं काम शेवटी अशा जागी पोचतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं. बर्फ मात्र मी कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर ठरवलं, दारातल्या रस्त्याच्या समुद्राकडच्या टोकापासून निघायचं आणि भर हिवाळ्यात बर्फापर्यंत जायचं. एकट्याने.

गाडी ईको. मागची सीट काढून कायमची खाट ठोकली असती तर आरटीओच्या परवानगीचा प्रश्न आला असता, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही. म्हणून सीट दुमडून तिच्यावर बसेल अशी प्लायवुडची घडीची खाट सुताराकडून करून घेतली. खालच्या पेटीत कुकर, तांदूळ, लाखोळीची डाळ, तिखट आणि पाण्याच्या कॅन. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मे महिन्यात त्याचा त्रास होतो, पण हिवाळ्यात त्या उबेसारखं सुख नाही.

पारादीपला महानदी समुद्राला मिळते. या बंदराची पायाभरणी पंडित नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये केली होती, आणि आमच्या वसाहतीलाही त्यांचंच नाव आहे. मासेमारीच्या बंदरावर पहाटे पाय ओले केले आणि निघालो. संबळपूर, रायपूर, राजनांदगाव. देवरी-साकोलीचं जंगल लागलं तशी हवा ओळखीची झाली. कारध्याजवळ वैनगंगा ओलांडून घरी मुक्काम केला. बायकोने दुसरी गोधडी पेटीत कोंबली आणि एकच अट घातली, रोज संध्याकाळी फोन. पुढे तो रोज जायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवले काय जी?"

तिच्या काळजीचं कारण मला माहीत होतं. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या आवाजाने आमच्या घराच्या खिडक्या हादरल्या. मी निवृत्त असूनही त्या दिवशी अंगात ड्यूटीवरचीच धडधड होती. त्या आठ घरांची आठवण काढल्याशिवाय मला आता आगीबद्दल काही बोलता येत नाही.

डेंजर बिल्डिंगमध्ये आत जाताना माचिस-बिडी गेटवर ठेवावी लागते. बुटाला लोखंडी खिळा चालत नाही. दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची, मगच पाऊल आत टाकायचं. ही शिस्त गाडीत माझ्यासोबत होती. स्टोव्ह कायम गाडीबाहेर, जमिनीवर. रात्री कितीही गारठा असो, बंद गाडीत शेगडी नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. थंडीत उबेसाठी गाडीत शेगडी घेणाऱ्या प्रत्येकाला हे हात धरून सांगावंसं वाटतं. मी काच दोन बोटं उघडी ठेवायचो. श्वासाची वाफ आतून पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात, त्यालाही तोच उपाय.

नागपूरहून ४४ नंबर धरला. पेंचच्या जंगलात हा रस्ता खांबांवर उचललेला आहे, वाघ-हरणांनी खालून जावं म्हणून. वरून जाताना मी हॉर्नला हात लावला नाही. बरमानला नर्मदेवर संक्रांतीची जत्रा भरली होती, घाटावर धुकं आणि हजारो माणसं. मुरैन्याला गजक घेतली. ग्वाल्हेरपासून अंबाल्यापर्यंत धुकं असं दाट की समोरच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा अगदी जवळ गेल्यावर दिसायचा. ऊन चढल्यावर निघायचं आणि दिवस कलायच्या आत ढाब्यामागे गाडी लावायची, एवढंच मी केलं. त्या पट्ट्यात घाई करून काही मिळत नाही.

मनालीला पोचलो त्या रात्री बर्फ पडला. आवाज नव्हता, पण टपावरचं वजन वाढत गेलं की गाडी किंचित बसते, ते खाटेवर जाणवतं. सकाळी दार ढकलून उघडलं. गुडघ्यापर्यंत पांढरं! मी तो मुठीत घेतला, चुरला, चाखला. टीव्हीवर पाहिलेला बर्फ मला दगडासारखा वाटला होता. हातातला इतका हलका होता की फुंकरीने उडाला. कारगिलला अशा बर्फात ठाण मांडून बसलेल्या पोरांचा विचार मनातून जाईना.

पोलिसांनी सोलंगकडे जाऊ दिलं नाही. फोर-बाय-फोर नसेल तर थांबा. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. रस्ता साफ झाल्यावर चेन लावून सोडलं. ईकोला जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून चेनही मागेच.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला. हा डोंगर सुरुंग लावून फोडलेला आहे, आणि सेरी नाल्याखालच्या फक्त ५८७ मीटरच्या पट्ट्यात पाणी आणि कच्चा खडक यांनी सीमा सडक संघटनेला सुमारे चार वर्षं अडवलं. त्या पट्ट्यातून जाताना मी भिंतीकडे पाहत होतो. स्फोटक हातात असलेल्या माणसाला घाई झाली तर काय होतं हे मी जाणतो, आणि इथे कोणीतरी चार वर्षं घाई केली नव्हती.

पलीकडे लाहौल, लख्ख ऊन, सिस्सूची गोठलेली पांढरी दरी. रस्त्यावरचा बर्फ काढणारे मजूर झारखंडचे, दुमक्याचे निघाले. म्हणाले, आमच्याकडेही बर्फ नाही, पहिल्या वर्षी बोटं बधिर झाली होती. मी रस्त्याकडेला स्टोव्ह मांडला. ३,१०० मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ कच्चीच राहिली असती, म्हणून कुकर. तांदूळ भंडाऱ्याचा, डाळ लाखोळीची. त्यांच्यातल्या एकाने डाळ ओळखली. मग आम्ही भाताच्या शेतांबद्दल बोललो, रोवणीबद्दल, मजुरीच्या दराबद्दल. दुपारनंतर रस्ता पुन्हा घट्ट गोठतो, त्याआधी निघा, असं त्यांनीच सांगितलं. मी स्टोव्ह थंड होऊ दिला, पेटीत ठेवला, चेन पुन्हा एकदा तपासली आणि गाडी बोगद्याकडे वळवली.