गणपती परत आले, पण देवळात नाही

इंडोनेशियात, पूर्व जावातल्या मलांग शहराजवळ सिंगोसारी नावाचं गाव आहे. तिथे भर वस्तीत अँडेसाइट दगडाचं एक शिवमंदिर उभं आहे. सिंगासारी राज्याचा शेवटचा राजा कृतनगर 1292 मध्ये मारला गेला. शिव आणि बुद्ध या दोघांना एकत्र पूजणाऱ्या या राजाच्या स्मरणार्थ 1300च्या सुमारास हे देऊळ उभारलं गेलं, असं अभ्यासक मानतात. जावातल्या शिवमंदिरांची मांडणी बहुधा ठरलेली असते. दाराच्या दोन बाजूंना महाकाल आणि नंदीश्वर, उत्तरेच्या देवकोष्ठात महिषासुरमर्दिनी, दक्षिणेला अगस्त्य आणि पाठीमागे गणपती. सिंगोसारीत यांपैकी अगस्त्य तेवढे जागेवर आहेत.

आशियाई कला हा माझा अभ्यासाचा विषय. आठवड्याला एखादं संग्रहालय नाहीतर एखादं पुस्तक, आणि त्यावर पानभर टिपण, हा माझा जुना परिपाठ. या टिपणांत एक प्रश्न फिरून फिरून येतो: ही वस्तू इथे आली कशी? सिंगोसारीच्या मूर्तींइतकं या प्रश्नाचं तपशीलवार उत्तर क्वचितच मिळतं.

निकोलाउस एंगलहार्ड हा जावाच्या ईशान्य किनाऱ्याचा डच गव्हर्नर. त्याने 1803-04च्या सुमारास या मूर्ती उचलल्या आणि सेमारंगच्या आपल्या बंगल्याच्या बागेत नेऊन ठेवल्या. 1819 मध्ये त्या जहाजाने नेदरलँड्सला गेल्या आणि पुढे लायडनच्या संग्रहालयात स्थिरावल्या. देवळातून बागेत आणि बागेतून दालनात, असा हा प्रवास. प्रत्येक मुक्कामी त्यांचं काम बदललं: आधी पूजा, मग शोभा, शेवटी अभ्यास.

यातला गणपती मराठी माणसाने मुद्दाम बघावा असा आहे. सोंड, सुळे, सुटलेलं पोट सगळं ओळखीचं. पण नजर खाली गेली की आपण चपापतो. ज्या आसनावर तो बसला आहे, त्यावर ओळीने कवट्या कोरलेल्या आहेत. कानातली भूषणंही कवट्यांचीच. कृतनगराच्या काळच्या तांत्रिक उपासनेची ही खूण. मोदकाच्या ताटाशी जोडलेला आपला बाप्पा समुद्रापलीकडे स्मशानाच्या वाटेने गेला होता, हे पुस्तकात वाचून एवढं पटत नाही. शेजारच्या दुर्गेचंही तसंच. ती रेड्यावर पाय फाकवून अशी ठाम उभी आहे, की झुंज संपली आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

2020 मध्ये नेदरलँड्समधल्या एका सल्लागार समितीने सरकारला शिफारस केली: वसाहतीच्या काळात मालकाच्या इच्छेविरुद्ध नेलेली वस्तू मूळ देशाने मागितली, तर ती बिनशर्त परत करावी. सरकारने ती मानली. त्यानुसार जुलै 2023 मध्ये 478 वस्तू परत देण्याचा निर्णय झाला. त्यांतल्या 472 इंडोनेशियाच्या आणि 6 श्रीलंकेच्या. 1894च्या डच स्वारीत लोंबोक बेटावरून लुटलेल्या खजिन्यातल्या 335 वस्तू त्यांत होत्या, आणि सिंगोसारीच्या चार मूर्तीही होत्या: दुर्गा, गणपती, महाकाल आणि नंदीश्वर.

मूर्ती गेल्या जाकार्ताला. सिंगोसारीची देवकोष्ठं रिकामीच राहिली. वस्तू देशाला परत मिळते, गावाला मिळतेच असं नाही. सुरक्षितता, हवामान, देखभाल ही कारणं खरी आहेत, आणि मी स्वतः मूळ मूर्ती उघड्यावर ठेवा म्हणणार नाही. पण सिंगोसारीच्या मुलांना आपला गणपती पाहायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत असेल, तर परतीचा शेवटचा टप्पा अजून बाकी आहे असंच मी म्हणेन.

आपल्याकडेही अलीकडे दोन वस्तू गाजल्या. ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखं जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे हात कायद्याने बांधलेले आहेत, त्यामुळे तिथून वस्तू बहुधा उसनीच मिळते. 2025 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे 47 लाख रुपयांना घेतली. म्हणजे मार्ग तीन: परत, उसनी आणि विकत.

कोणता मार्ग चांगला, हे मी एकाच कसोटीवर ठरवतो. वस्तूबरोबर तिची हकिगत येते का? डच परतीमागे प्रत्येक वस्तूच्या पूर्वेतिहासाचं संशोधन होतं. कोणी, कधी, कुठून नेली हे कागदावर आलं. वाघनखांच्या बाबतीत ती अफजलखानाच्या वधातलीच आहेत याची खातरजमा करता येत नाही, असं लंडनच्या संग्रहालयाने स्वच्छ सांगितलं, आणि ते सांगणंही मोलाचं. लिलावात मात्र मधल्या मालकांची नावं बहुतेकदा झाकलेली राहतात. पैसे मोजून वस्तू मिळते, तिचा मधला इतिहास मिळेलच याची खात्री नसते.

हीच कसोटी आपल्या संग्रहालयांनाही लावावी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी घारापुरीचा दगडी हत्ती आहे. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत पडून फुटला, आणि 1914 मध्ये त्याचे तुकडे जुळवून पुन्हा उभा केला गेला. ही हकिगत माहीत झाली की त्या हत्तीकडे बघण्याची नजरच बदलते. पण आपल्या अनेक दालनांत वीरगळांखाली आणि देवदेवतांखाली ‘पाषाण, 11वे शतक’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या गावची मूर्ती, कुणी आणली, गावाने दिली की नेली गेली, यावर अक्षर नाही. खुद्द आपली पाटी अशी कोरी ठेवून लंडनला जाब विचारणं शोभत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन तुमच्या जिल्ह्याच्या संग्रहालयात जा. आवडलेल्या एका मूर्तीपाशी थांबा आणि ती कुठून आली हे तिथल्या अभिरक्षकांना विचारा. उत्तर नोंदवहीत असेल तर ते पाटीवर लिहायची विनंती करा, आणि नोंदवहीतही नसेल तर मूर्तीच्या मूळ गावचा शोध घ्यायची मागणी करा. याला ना लिलाव लागतो, ना करार.