कोपी आणि स्टुडिओ

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरू लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती आता कोयत्याने फेडायची असते. कारखान्याच्या तळावर पोचल्यावर कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी करायला एखादा दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटलेली असते, भाकरी फडक्यात बांधलेली असते आणि माणूस फडात. परमुलखात बस्तान कसं बसवायचं, हे बीडला कुणी शिकवायला नको.

नेमक्या याच दिवसांत लंडनच्या आणि जर्मनीच्या कलाशाळांचं वर्ष सुरू होतं.

बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर मुंबई-पुण्याला जायचं तर एसटी किंवा खासगी गाडी, नाहीतर परळी गाठून तिथून रेल्वे. अशा गावातून निघून एखादी मुलगी किंवा मुलगा चित्र, शिल्प, छापचित्र शिकायला परदेशी जातो, तेव्हा घरच्यांना काळजी असते ती थंडीची, जेवणाची आणि पैशांची. काळजी रास्तच आहे. जर्मनीत शिकायला जायचं तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवल्याचं दाखवावं लागतं, त्यातून महिन्याला ठरलेली रक्कम हाती येते. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास नोकरी करता येते. शिकवणीचं शुल्क, खोलीचं भाडं, रंग आणि कॅनव्हास यांचा हिशेब त्यातच बसवायचा. घर किंवा जमीन तारण पडलेली असते, आणि मुलाला ते रोज आठवतं.

तरीही शरीर लवकर सरावतं. पहिल्या महिन्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोडणी घातल्यावर धुराची घंटा वाजते, मग खिडकी उघडून फोडणी घालायची सवय लागते. विजेच्या शेगडीवर ज्वारीची भाकरी फुगत नाही, तिला विस्तव लागतो. मग भातावर भागवलं जातं आणि आईने बांधून दिलेला येसर पुरवून पुरवून आमटीत पडतो. बस कळते, कपड्यांचे थर कळतात. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, दिवस जेमतेम आठ तासांचा. बीडला त्या दिवसांत अकरा तास ऊन असतं. पहिला हिवाळा जड जातो, दुसरा तेवढा जात नाही. इथवर ऊसतोड्याच्या लेकराला आणि पेठेतल्या दुकानदाराच्या लेकराला सारखंच जमतं. माणसं काटक असतात.

अडतं ते स्टुडिओत.

महाराष्ट्रात चित्रकलेची वाट एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांवरून जाते. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हातात पहिला चांगला ब्रश दिला, हे मोठं काम आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. प्रत्येकाला ठरावीक वेळ आणि वर छापलेला विषय: बाजाराचा दिवस, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, गणपतीची मिरवणूक. मुलगा घड्याळाकडे बघत चित्र पुरं करतो, सरांकडे नेतो आणि विचारतो, ‘सर, बरोबर आहे का?’ सर सावली गडद करून देतात. त्याचा हात तयार होतो. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या किंवा मुंबईच्या शासकीय कला महाविद्यालयात तो आणखी घोटला जातो.

जर्मनीतल्या कला अकादमीत हाच मुलगा एका प्राध्यापकाच्या वर्गात दाखल होतो. ड्युसेलडॉर्फची अकादमी घ्या. जोसेफ बॉइस १९६१ पासून दशकभर तिथे शिकवत होते, आणि कोणत्याही माणसात कलावंत असतो ही त्यांची धारणा त्या भिंतींशी कायमची जोडली गेली. अशा वर्गात विषय मिळत नाही. वेळापत्रक असं फारसं नसतं. एक जागा, एक पांढरी भिंत आणि कधीतरी होणारी चर्चा, एवढंच. ब्रिटनमध्ये तिला ‘क्रिट’ म्हणतात. सगळे जण एकाच कामासमोर बसतात आणि बोलतात: हे एवढ्याच आकाराचं का, याच रंगात का, भिंतीवरच का, मुळात कशासाठी? बरोबर की चूक हे कुणीच सांगत नाही. ज्याने आयुष्यभर ‘सर, बरोबर आहे का’ विचारलं, त्याच्या पायाखालची जमीन इथे सरकते. भाषा कच्ची असते हे खरं, पण मराठीत विचारलं असतं तरी उत्तर तयार नसतंच.

रविवारी घरून फोन येतो.

‘जेवलास का?’
‘जेवलो की, अण्णा.’
‘काय काढायलास सध्या?’
‘अजून काही नाही. बघायलो, विचार करायलो.’
‘तीन महिने झाले बाळा. विचार इथं बसून होत नव्हता का?’

या प्रश्नात राग नाही. ज्याने उचल फेडली आहे त्याला हंगाम मोजायची सवय असते: इतके महिने, इतके टन. आणि मुलाजवळ मोजून दाखवण्यासारखं काही नसतं. परदेशात रुळणं दोन वेगांनी चालतं. शरीर लवकर रुळतं, काम रुळायला वर्षं जातात. ही दुसरी मुदत किती लांब असू शकते, हे आपल्याच चित्रकारांच्या आयुष्यात दिसतं.

सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. चित्रं चांगली आहेत, पण त्यांत बांधणी नाही, सेझानची चित्रं बघा, असं त्याने सांगितलं. रझा तेव्हा होतकरू म्हणून नावाजलेले होते, त्यांना हे सहज झटकून टाकता आलं असतं. त्यांनी मुंबईत फ्रेंच शिकायला घेतलं, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या एकोल दे बोझारमध्ये १९५३ पर्यंत पुन्हा विद्यार्थी झाले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हातात कसब असताना, पाटी कोरी करणं सोपं नसतं. १९५६ मध्ये समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. जगाच्या दृष्टीने ते रुळले होते.

त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र काम तिथे संपलं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या गावच्या शाळेत गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून चंचल रझांना त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन ठाम बसला तो ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर. १९८१ मध्ये त्यांनी ‘माँ’ हे चित्र केलं. काळा बिंदू, भोवती तापलेले रंग आणि खाली नागरी लिपीत आईला उद्देशून कवितेची एक ओळ. घर सोडून तोवर ३१ वर्षं झाली होती. शाळा तीन वर्षांची होती, तिथे घातलेल्या बांधणीला आतला मजकूर मिळायला तीन दशकं लागली. पॅरिसची बांधणी नसती तर तो बिंदू लहानपणची एक गोड आठवण बनून राहिला असता, असं मला वाटतं.

विनायक पांडुरंग करमरकरांची मुदत याहून खूप लहान, कारण त्यांना हवं ते नेमकं माहीत होतं. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा मुलगा घरच्या गणेशमूर्तींच्या मातीत वाढला. ओटो रॉथफील्ड या कलेक्टरांनी त्याचं काम पाहिलं आणि तो जे. जे. मध्ये आला. पुढे कोलकात्यात स्टुडिओ थाटून नाव मिळवल्यावर, १९२० मध्ये करमरकर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले आणि १९२३ च्या सुमारास परतले. १९२८ मध्ये पुण्यात त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. एवढा थोरला पुतळा त्यांनी एकसंध ओतून घेतला. पुढच्या काळात सासवण्याच्या अंगणात त्यांनी कोळीण, म्हैस, घरचीदारची माणसं घडवली, तीही साध्या सिमेंटमध्ये. ती आजही त्यांच्या घरात बघायला मिळतात. विलायतेत शिकलेला हात गावच्या म्हशीच्या पाठीवर इतक्या आदराने फिरलेला पाहायला शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी सासवण्याला जावं.

गोव्याच्या वामन नावेलकरांच्या वाट्याला वेगळंच आलं. पोंबुर्पा गावातून ते १९५४ मध्ये लिस्बनला शिकायला गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारताचा निषेध करणाऱ्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मोझांबिकमध्ये शिक्षकी आणि शेवटी पुन्हा गोवा. चित्रांवर ते ‘गणेश’ अशी सही करत, ते त्यांच्या भावाचं नाव. परक्या देशातल्या विद्यार्थ्याकडे एक दिवस अचानक बाजू मागितली जाते, हे तेव्हाही होतं आणि आजही होतं. चित्राशी त्याचा संबंध नसतो, पण चित्रकाराला उत्तर द्यावंच लागतं.

बीडच्या मुलाकडे शिदोरी काय असते? अंबाजोगाईचं हत्तीखाना लेणं, तिथले दगडात कोरलेले अजस्र हत्ती. तिथलंच बाराखांबी मंदिर. धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी, कुणी वळलेली, कुणी स्वतःत हरवलेली, अंगाचा तोल एका पायावर. आणि दासोपंतांची पासोडी: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीने तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आकृत्यांसह लांबलचक कापडावर लिहून काढला. शब्द आणि आकृती एकाच पृष्ठभागावर कशी नांदवायची, हा प्रश्न आजच्या कलाशाळांत तासन्‌तास चर्चिला जातो. त्याचं एक भक्कम उत्तर अंबाजोगाईत चारशे वर्षांपासून आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पं काचेपलीकडे, मोजून सोडलेल्या उजेडात बघताना त्या मुलाला पहिल्यांदा वाटतं, आपण हत्तींच्या पाठीवर हात ठेवून वाढलो. दगड हाताला कसा लागतो हे काचेबाहेर उभ्या असलेल्यांपैकी आपल्यालाच ठाऊक आहे.

पण हे वाटणं स्टुडिओत आपोआप उतरत नाही. ते घडतं हातातल्या मालातून. मातीचंच बघा. एप्रिल-मे महिन्यात बीडला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सांगाड्यावर चढवलेली माती तासाभरात कडा सोडायला लागते. मुलगा ओलं गोणपाट गुंडाळतो, दर थोड्या वेळाने पाणी शिंपडतो आणि घाईने काम उरकायला शिकतो. नाक, गाल, हनुवटी एका बैठकीत. युरोपातल्या थंड, दमट तळघरात तीच माती प्लास्टिकखाली दिवसेंदिवस ओली राहते. घाईचं कारणच उरत नाही. सवयीने त्याचा अंगठा भराभर चालतो, तासाभरात चेहरा पुरा होतो, आणि मग समोर ओली माती आणि आठवडाभराचा रिकामा वेळ. इथे पहिल्यांदा तो केलेलं मोडतो. गाल खरवडून काढतो, पुन्हा भरतो, पुन्हा काढतो. तैलरंगाचंही तसंच: थंडीत आणि मंद उजेडात अळशीचं तेल सावकाश वाळतं, आज लावलेला थर परवाही ओला सापडतो आणि त्यात ढवळाढवळ करता येते. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड तासन्‌तास फारसा हलत नाही. बघायलाही सवड मिळते. फोनवर ‘विचार करायलो’ म्हणताना त्याला हेच सांगायचं असतं.

असा वेळ विकत घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत सगळ्यांना परवडत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांना जगातल्या उत्तम विद्यापीठांत पाठवते, तिचं मोल फार मोठं आहे. पण विद्यापीठाची निवड जागतिक क्रमवारीवर ठरते आणि केवळ कला शिकवणाऱ्या संस्था अशा एकूण क्रमवारीत सहसा नसतातच. लंडनचं स्लेड हे युनिव्हर्सिटी कॉलेजचं अंग असल्यामुळे त्यात बसतं. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट स्वतंत्र संस्था असल्यामुळे बाहेर राहतं, कलेच्या क्षेत्रात तिचं नाव कितीही मोठं असो. कलेसाठी विषयवार क्रमवारी धरली तर हा अडसर दूर होईल. ही मागणी कलाशिक्षकांनी लावून धरायला हवी.

आणि परतीनंतरची दोन वर्षं कुणीच मोजत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा तिथे शिकलेली सवड आणि इथली शिदोरी एकमेकांना भेटू लागलेली असतात. मुलगा मग पुण्यात जाहिरातीच्या, नाहीतर ॲनिमेशनच्या कामाला लागतो. ते काम चांगलंच आहे, पण त्यासाठी त्याला इतक्या लांब पाठवलं नव्हतं. दोन वर्षांचं साधं मानधन आणि काम करायला एक जागा एवढं मिळालं तरी पुष्कळ. बीडमध्ये, अंबाजोगाईत किंवा धर्मापुरीत त्यासाठी उत्तरेकडे खिडक्या असलेली एक मोठी खोली पुरेल.