कौले, पत्रे आणि आई

घरात छपराइतका दुर्लक्षित भाग दुसरा नसेल. भिंतींना आपण रंग देतो, उंबऱ्यापाशी रांगोळी काढतो. छपराकडे मान वर करून पाहायचे ते गळू लागले म्हणजेच! निदान ३ जून २०२० पर्यंत माझी तरी अशीच रीत होती.

त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. मी पुण्यात, आई आणि दादा गावी, आणि फोन मुका! आठवड्याने पोचलो, तेव्हा वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यांचा चुरा झाला होता आणि शेजाऱ्यांचा लोखंडी पत्रा वाशासकट आमच्या विहिरीवर येऊन विसावला होता. आमच्या घरावरची निम्मी कौले गेली होती. आई सुखरूप होती.

ओटीवर खल सुरू झाला. दादा म्हणाला, “पत्रे घालू. दरसाल शाकारणीची कटकट नको.” मी शहरी शहाणपणाने स्लॅब सुचवला. खर्च मी देणार होतो. त्यामुळे माझ्या मताला जरा जास्तच वजन आहे, अशी माझी समजूत होती.

गावचा म्हातारा सुतार म्हणाला, “भाऊ, वारा छप्पर पाडत नाही, उचलतो.” वरून वेगाने जाणारा वारा छप्पर वर ओढतो आणि एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा ते खालून ढकलतो. म्हणून आधी जातात त्या वळचणी, कोपरे आणि आढ्याची कौले. पत्रा चांगला, पण खाऱ्या हवेने त्याचे हूक गंजले की अख्खा पत्रा पात्यासारखा सुटतो. स्लॅबला वारा उचलू शकत नाही. पण मातीत रचलेल्या आमच्या जांभ्याच्या जुन्या भिंतींनी तो पेलायचा कसा? शिवाय खारी हवा त्याच्या पोटातल्या सळ्यांनाही सोडत नाही. राहता राहिली मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि नळीच्या कौलांच्या जागी ती हळूहळू किनाऱ्यावर पसरली. ती सुटी सुटी असतात, हाच त्यांचा दोष आणि हाच गुण. फटींतून वाऱ्याचा थोडा जोर निघून जातो. पण कडेची कौले बांधली नाहीत, तर एकापाठोपाठ एक उडतात.

तरी मी हट्ट सोडीना. भिंतीही नव्या बांधू, म्हणालो. तेव्हा इतका वेळ तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, “त्या दिवशी कौले एकेक करून गेली. दादाला मला माजघरात न्यायला वेळ मिळाला. उद्या एखादे फुटले, तर गड्याला सांगून बदलून घेईन. तुझा स्लॅब गळला, तर तुला पुण्याहून बोलावू का?”

मी गप्प बसलो. ज्या छपराखाली मी वर्षातून दहा रात्री निजतो, ते मी तिच्यासाठी निवडायला निघालो होतो!

कौलेच घातली. मात्र भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून वासे त्याला बोल्टांनी जखडले. वळचणीच्या ओळी न गंजणाऱ्या तारेने रिपांना बांधल्या, आढ्याची कौले सिमेंटात बसवली आणि पडवीचे छप्पर वेगळे केले. उडालेच, तर त्याने एकट्याने उडावे!

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. फोन पुन्हा मुका झाला. ती रात्र मी जागून काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा आवाज आला, “सात कौले गेली. बदलली. तू जेवलास का?”

आता दिवाळीत वळचणीला आकाशकंदील टांगताना मी आधी कौलांच्या तारा चाचपून पाहतो. खालून आई म्हणते, “अरे, कंदील लाव आधी, अंधार पडला!”